एका मत्स्यमोहिमेचा मसुदा

कुवेतमध्ये नदी नाही, तळे नाही, आणि हिवाळ्यात जो थोडाबहुत पाऊस पडतो तो वाळूच्या पोटात नाहीसा होतो. तरीही शर्क या राजधानीच्या जुन्या पूर्वभागाच्या टोकाशी, दस्मानच्या भूशिरावर, गोड्या पाण्याचा एक जलाशय आहे. मात्र तो जमिनीवर पसरलेला नसून आकाशात उचलून धरलेला आहे. १९७९ साली जनतेसाठी खुल्या झालेल्या कुवेत मनोऱ्यांपैकी सर्वांत उंच मनोरा १८७ मीटरांचा असून, त्याच्या आणि शेजारच्या मनोऱ्याच्या निळसर गोलांत प्रत्येकी सुमारे ४,५०० घनमीटर पाणी साठविण्याची तजवीज केलेली आहे. वाळवंटातील जलाशयावर तरंगत्या घरात मुक्काम ठोकून मासे धरावेत अशी ज्यांची मनीषा असेल त्यांना येथे गळ टाकण्याची सोय नाही. मोठ्या गोलाच्या वरच्या भागात उपाहारगृहाची योजना आहे, तिच्यावरच समाधान मानावे लागते.

ही मनीषा आमच्या मंडळींत आली ती अमेरिकेहून. साल्मिया आणि मंगफ येथे राहणाऱ्या काही मराठी कुटुंबांच्या शुक्रवारच्या बैठकीत एकाने आपल्या ॲरिझोनातील मेहुण्याची छायाचित्रे दाखविली: तांबड्या कातळांच्या दरीत निळे पाणी, त्यावर दोन मजली नौकागृह, त्यामागे दोरीने बांधलेली छोटी होडी, आणि मेहुण्याच्या दोन्ही हातांत रुपेरी अंगावर काळ्या रेघा असलेला एक लठ्ठ मासा. असे काही आपण येथे का करू नये, हा प्रश्न त्या रात्री निघाला आणि मराठी माणसांच्या रिवाजास अनुसरून प्रथम एक समिती नेमण्यात आली. तिच्या टिपणांवरून हा लेख सिद्ध झाला आहे. तेव्हा यात मत्स्यविद्येपेक्षा दप्तराचा वास अधिक आला तर वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

मेहुण्याचा तो पॉवेल तलाव कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅनियन धरणाने निर्माण केलेला. १९६३ साली धरणाचे दरवाजे बंद झाले तेव्हापासून पाणी चढत गेले आणि पूर्ण पातळीस ते १९८० साली पोचले. मधल्या काळात, १९७४ साली, त्यात पट्टेरी बास सोडण्यात आला. हा मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा, समुद्रात वाढून अंडी घालण्यापुरता नदीत चढणारा मासा. पण समुद्रापासून शेकडो कोस दूर, वाळवंटात अडविलेल्या पाण्यात तो नुसता तगला नाही, तर वंशवृद्धी करू लागला, आणि त्याच्या भक्ष्यासाठी आधीच सोडलेल्या शॅड नावाच्या लहान माशांवर असा तुटून पडला की शॅड कमी पडतील त्या वर्षी त्याचीच उपासमार होऊ लागली. म्हणून यूटा राज्याच्या नियमांनी तेथे या माशाला संख्येची मर्यादाच ठेवलेली नाही. न्याल तितके न्या, उरलेल्यांचे पोट भरेल. पाहुण्याने आकंठ जेवून यजमानाला उपकृत करावे अशातली ही व्यवस्था असून, मेहुण्याच्या मुद्रेवरील निर्धास्तपणाचे रहस्य तीत आहे.

कुवेतचा मामला नेमका उलटा आहे, आणि हे समितीच्या ध्यानात येण्यास शर्कच्या मासळी बाजारातील एक फेरी पुरेशी झाली. हा बाजार सूक शर्क या आधुनिक व्यापारसंकुलाला लागून आहे. एका अंगाला सुगंधी द्रव्यांची आणि घड्याळांची झगमगती दालने, तर दुसऱ्या अंगाला बर्फाच्या राशींवर मांडलेली मासळी आणि तिच्या पलीकडे लाकडी लाँचांची गोदी. फळ्यांमागे उभे असलेले विक्रेते बहुशः इजिप्ती, बांगलादेशी वा भारतीय. गिऱ्हाइकांत पांढऱ्याशुभ्र दिशदाशातील कुवेती गृहस्थ स्वतः वाकून मासा पारखताना दिसतात, कारण या शहराच्या जुन्या घराण्यांत मासळीची पारख नोकरावर सोपविण्याची गोष्ट मानली जात नाही.

आमच्याबरोबर मूळच्या मालवणच्या एक वहिनी होत्या. त्यांनी 'जुबैदी' म्हणून मांडलेल्या पापलेटाचा कल्ला बोटाने उचलला, आतला रंग पाहिला, पोटावर अंगठा दाबून तो खळगा भरून येतो की नाही हे पाहिले, आणि मग विक्रेत्याकडे न बघताच म्हणाल्या, 'हा कालचा. आजचा कुठे आहे तो काढा.' विक्रेत्याला मराठी येत नव्हते, तरी त्याने निमूटपणे फळीखालची टोपली वर घेतली. त्याच फळीवर हामूर, म्हणजे आपल्याकडचा हेकरू, तपकिरी ठिपक्यांसह पसरला होता. नगरूर हा आपला करकरा, नुवैबी हा घोळ-ढोम्याच्या कुळातला, मेद हा बोयीचा भाऊबंद, आणि सुबूर हा तर साक्षात पाला, काट्यांचे जंजाळ आणि चवीचे वैभव यांसह. सुबैती मात्र खास या पाण्याचा मानकरी. हौशी कुवेती गळवाल्याला विचारले तर तो मोत्यांपेक्षा त्याच्याच गोष्टी अधिक सांगेल. भावाच्या पाट्या पाहून समितीतील पुण्याच्या एका अभियंत्याने रुपयांत हिशेब सुरू केला आणि लगेच बंद केला. या हिशेबाला इतिहास आहे हे त्याच्या गावी नव्हते: १९६१ साली दिनार येईपर्यंत शर्कमध्ये मासळीचा सौदा रुपयांतच होत असे. कुवेती बम, म्हणजे लाकडी शिडाची गलबते, खजूर घेऊन मुंबईस आणि मलबारास जात, आणि परतताना ज्या सागवानाने पुढचे बम बांधावयाचे ते सागवान घेऊन येत. आज गोदीत डुलणाऱ्या लाँचांना डिझेलचे इंजिन आहे, पण त्यांच्या वाडवडिलांचा देह आपल्या किनाऱ्यावरच्या जंगलातला होता.

आता ती उलटी गोष्ट. कुवेतला पिण्याचे पाणी १९५३ पासून समुद्राचे पाणी गाळून मिळू लागले. त्याआधी शत्त-अल-अरबचे गोडे पाणी लाकडी गलबतांत भरून आणावे लागे. टायग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या संगमातून झालेली ही नदी आखाताच्या डोक्याशी समुद्रास मिळते, आणि तिच्या गाळाने व पोषक द्रव्यांनी कुवेतचे उत्तरेकडील उथळ पाणी समृद्ध होते. सुबूर अंडी घालण्यास या नदीत चढतो, पापलेटाची आणि कोळंबीची पिलावळही याच गढूळ, कमी खाऱ्या पट्ट्यावर पोसते. परंतु १९७३ साली सीरियात तबक्याचे, १९७४ साली तुर्कस्तानात केबानचे धरण भरू लागले, आणि १९९० च्या आरंभी अतातुर्क धरण भरण्यासाठी युफ्रेटिसचा प्रवाह एक महिना अडविण्यात आला. त्यानंतरच्या दशकात दक्षिण इराकमधील दलदलीही कोरड्या पाडण्यात आल्या. नदी बारीक झाली, तिच्या मुखाशी खारटपणा चढला. अमेरिकेतील रुक्ष प्रदेशात धरण बांधल्याने समुद्राचा मासा सरोवरात नांदू लागला, आणि पश्चिम आशियातील धरणांनी समुद्राच्या माशाचा नदीशी असलेला सनातन करार मोडला. शर्कच्या बाजारात स्थानिक पापलेट दुर्मीळ का झाले याची चौकशी करणाऱ्याने फळीवरच्या विक्रेत्याशी हुज्जत घालण्यापेक्षा नकाशा उघडून उत्तरेकडे पाहावे. दोष एकट्या धरणांचा नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. २००१ च्या उन्हाळ्यात कुवेत उपसागरात जिवाणूंच्या साथीने अडीच हजार टनांहून अधिक मेद मासा मरून किनाऱ्यास लागला; उष्ण, साचलेल्या पाण्यात सांडपाणी सोडण्याची किंमत त्या वर्षी नाकानेच मोजली गेली.

हे सारे समितीपुढे मांडले गेले तेव्हा मोहीमच रद्द करावी असा एक ठराव आला. तो फेटाळला गेला, आणि माझ्या मते योग्य कारणासाठी: बाजारातून टोपलीभर पापलेट नेणाऱ्याने गळाला लागलेल्या दोन माशांवर अश्रू ढाळावेत यात तर्कशुद्धता नाही. मात्र मेहुण्याचा 'न्याल तितके न्या' हा कायदा येथे चालणार नाही, एवढे कलम मसुद्याच्या शिरोभागी लिहिले गेले.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. जून-जुलैत उत्तरेचा शमाल वारा धुळीसह सुटतो आणि उन्हाचा पारा पन्नासाकडे जातो. एप्रिलच्या सुमारास 'सरायात' नावाची वादळे तासाभराच्या सूचनेने अंगावर येतात. पौष-माघात समुद्रावरचा गारठा कोकणातून आलेल्या माणसाच्या कल्पनेपलीकडचा असतो. उरतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ, म्हणजे आपली कोजागरी ते कार्तिकअखेर. त्यातील दिवस कोणता हे ठरविण्यासाठी अभियंत्याने भ्रमणध्वनीवरील भरती-ओहोटीचे कोष्टक उघडले, आणि रत्नागिरीच्या एका काकांनी पंचांग. काकांच्या लहानपणी गावी तिथीला तिनाने गुणून चाराने भागले की भरतीचा तास निघत असे. अष्टमी असेल तर सहा वाजता. कुवेतच्या पाण्याचा तास निराळा आहे, येथे हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही, हे त्यांनाही मान्य होते. परंतु अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या मागेपुढे भांग, हा चंद्राचा अंमल दोन्ही किनाऱ्यांवर सारखाच आहे. हिजरी महिनाही चंद्रदर्शनाने सुरू होत असल्याने त्याची तारीख आणि आपली तिथी यांत एखाद-दुसऱ्या दिवसाचेच अंतर पडते. शर्कच्या गोदीतील वृद्ध नाखुदा आणि आमचे काका एकाच आकाशाचे हिशेबनीस निघाले. उधाणात या उथळ समुद्राला ओढ फार, शिशाचे वजन तळाशी ठरत नाही आणि पाणी गढूळते. म्हणून तळाचा मासा धरावयाचा तर भांगाचे दिवस बरे. कार्तिक वद्य अष्टमीनंतरचा पहिला गुरुवार मुक्रर झाला, कारण येथे सुटी शुक्रवार-शनिवारची, आणि गुरुवारी संध्याकाळी निघाले की हाताशी दोन रात्री येतात.

दुसरा प्रश्न नौकेचा. पॉवेल तलावावरचे नौकागृह म्हणजे तराफ्यावर ठेवलेला बंगला. आखाताच्या लाटेवर तो एक रात्र टिकणार नाही. येथे त्याच्या जागी लाकडी लाँच घ्यावी लागते: पिछाडीस गालिचा अंथरलेली बैठक, मधोमध सुकाणूची खोली, खाली इंजिन, आणि पुढे नाळेशी दोरांची वेटोळी व नांगर. आम्ही पाहिलेल्या लाँचेचा तांडेल गुजरातच्या किनाऱ्यावरचा, मितभाषी आणि चोख. त्याला आम्ही पंधरा प्रश्न विचारले, त्यांपैकी चौदा इंजिनाविषयी आणि जेवणाविषयी होते. पंधरावा, शौचालयाचा, वहिनींनी विचारला आणि सौदा त्यावरच अडला. जुन्या बमांवर यासाठी पिछाडीला समुद्रावर लोंबणारी एक लाकडी पेटी असे, आणि खलाशी वर्षानुवर्षे त्यावर निभावत. दोन रात्रींसाठी तेही चालेल असे म्हणणारे सर्वजण पुरुष होते. अखेर बंदिस्त न्हाणीघर असलेली दुसरी लाँच, थोडे अधिक भाडे देऊन, ठरविण्यात आली. या निर्णयाची नोंद एकमताने झाली, असे दप्तरात लिहिले आहे.

भाडे ठरविताना दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: हवामान बिघडल्यास तारीख पुढे नेण्याचा हक्क, आणि तारूवरील जीवरक्षक जाकिटांची संख्या. जाकिटे मुलांच्या मापाची आहेत का, हे प्रत्यक्ष घालून पाहावे. तोंडी ग्वाहीवर विसंबू नये.

तिसरा प्रश्न परवानगीचा, आणि येथे मात्र मेहुण्याचे स्वातंत्र्य पूर्णपणे संपते. तटरक्षक दलाकडे खलाशी आणि प्रवासी यांची नावनिशी द्यावी लागते, प्रत्येकाजवळ सिव्हिल आयडी हे ओळखपत्र असावे लागते, आणि उत्तरेस इराण-इराकच्या सागरी हद्दीकडे फिरकता येत नाही. कुवेत उपसागरात मासेमारीस मनाई आहे. तो उपसागर पिलांचे पाळणाघर असल्याने ही मनाई योग्य असे माझे स्पष्ट मत आहे. कोळंबीचा हंगाम सामान्यतः ऑगस्टमध्ये बाहेरच्या पाण्यात आणि सप्टेंबरमध्ये किनाऱ्याजवळच्या पाण्यात सुरू होतो, आणि पापलेटालाही उन्हाळ्यात बंदीची मुदत असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बोटी शाकारून ठेवल्या जातात त्याच सुमारास. मुदती आणि हद्दी शासन वेळोवेळी बदलते, म्हणून मत्स्यसंपदेचा कारभार पाहणाऱ्या कृषी व मत्स्य प्राधिकरणाचा त्या वर्षीचा हुकूम वाचल्याशिवाय एकही गळ विकत घेऊ नये.

मार्गाविषयी दोन पक्ष पडले. तरुणांना दक्षिणेकडील कुब्बर हवे होते: पांढऱ्या वाळूचे, प्रवाळाने वेढलेले इवलेसे बेट, जेथे उन्हाळ्यात सुरय पक्षी अंडी घालतात. शर्कहून ते सुमारे ६० किलोमीटर. संथ लाँचेला चार तास सहज लागतात, आणि प्रवाळावर नांगर टाकणे म्हणजे शतकांच्या बांधकामावर पहार चालविणे. तेथे पाणबुड्यांच्या स्वयंसेवी पथकाने बोटी बांधण्यासाठी तरंगत्या खुणा बसविल्या आहेत, त्यांनाच दोर लावावा. वडीलधाऱ्यांचा कौल फैलकाला पडला. किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवरच्या या बेटावर १९५८ पासून डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून दिलमून संस्कृतीच्या मुद्रा आणि अलेक्झांडरोत्तर ग्रीकांचे देवालय उजेडात आणले. ग्रीक त्याला इकारोस म्हणत. १९९० च्या इराकी आक्रमणात रहिवाशांना बेट सोडावे लागले आणि गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती मागे राहिल्या. उत्तरेचा वारा असता बेटाच्या दक्षिणेस आडोसा मिळतो, हा व्यावहारिक मुद्दा इतिहासापेक्षा प्रबळ ठरला आणि फैलका मंजूर झाले.

प्रत्यक्ष मासेमारीचे साधन साधे ठेवावे. हातदोरी, मध्यम गळ, शिशाचे वजन, आणि आमिषाला शर्कच्या बाजारातीलच ताजी कोळंबी किंवा मेदाचे काप. दोरी पाण्यात सोडून तिच्यावर बोटाचा हलका ताण ठेवला की तळाचा मासा आधी चाचपतो आणि मग ओढतो, हा फरक बोटालाच कळतो. पाण्यावर एखादा रंगीत डबा तरंगताना दिसला तर त्यापासून दूर राहावे. त्याखाली कुणा गरीब खलाशाचा गरगूर असतो. गोदीत रचून ठेवलेले हे सापळे पाहण्यासारखे असतात: तारेचा विणलेला, कमरेएवढा घुमट, त्याच्या कुशीत आत निमुळते होत जाणारे नरसाळे, मासा त्यातून सहज आत जातो, पण परतीचे तोंड त्याला सापडत नाही. दोर तुटून तळाशी राहिलेला गरगूर धनी नसतानाही मासे धरीतच राहतो, आणि पाणबुडे असे सापळे व जाळी वर काढण्याचे काम करीत असतात.

हामूर गळाला लागला तर काय करावे, यावर समितीत सर्वाधिक वेळ गेला. हा मासा आयुष्याचा पूर्वार्ध मादी म्हणून काढतो आणि मोठा झाल्यावर त्यातील काही नर होतात. म्हणजे सर्वांत मोठे तेच धरीत गेलो तर नरच उरत नाहीत, आणि लहान धरीत गेलो तर माता उरत नाहीत. काकांचे म्हणणे पडले की एवढ्या अडचणीच्या माशाला नमस्कार करून सोडून द्यावे. अभियंत्याला छायाचित्र हवे होते. तडजोड अशी झाली की छायाचित्र ओल्या हातांनी, होडीच्या काठाशीच काढावे आणि मासा तत्क्षणी पाण्यात जावा. नगरूर आणि नुवैबी कुटुंबास दोन पुरेत. त्याहून अधिक लागले तर गळ आवरून गप्पा माराव्यात. कुवेतमध्ये मद्यबंदी संपूर्ण असल्याने हातातून निसटलेल्या माशाचा आकार येथे शुद्धीवर राहूनच वाढवावा लागतो, आणि तरी तो वाढतो.

स्वयंपाकाचा अध्याय वहिनींच्या स्वाधीन होता, त्यात समितीने ढवळाढवळ केली नाही. कुवेती पद्धतीने पापलेट आणि भात यांचा 'मुतब्बक' एका रात्री, आणि मालवणी कालवण दुसऱ्या रात्री, असे ठरले. आमसुले आणि तिरफळे गावाहून आलेली. नारळ केरळी दुकानातून. खवणी मात्र विसरता कामा नये, कारण अख्ख्या शर्कमध्ये विळीवजा खवणी शोधत फिरण्याचे काम सोपे नाही. मासे लागतीलच या भरवशावर स्वयंपाक ठरवू नये, म्हणून पिठले-भाताची शिधासामग्रीही यादीत आहे, आणि पिण्याचे पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरावे.

इतकी तयारी झाल्यावर पत्रव्यवहाराने मेहुण्याला कळविण्यात आले. त्याचे उत्तर आले ते असे, की एवढे नियम असलेल्या ठिकाणी मासेमारीत मौज ती काय. मला वाटते, मौज आहेच. मात्र त्याच्या सरोवरात जशी ती मोजता येते तशी येथे येत नाही. ज्या समुद्राला नदीने दिलेली उसनवार आटत चालली आहे त्याच्यावर दोन रात्री राहावयाचे, तर गळापेक्षा कोष्टक, बर्फाच्या पेटीपेक्षा परवाना आणि हव्यासापेक्षा हिशेब आधी हवा, हे समितीचे मत मला मान्य आहे.

ज्या कुवेतवासी वाचकांना पुढील हिवाळ्यापूर्वी असाच बेत करावयाचा असेल त्यांनी लाँच दिवाळीच्या आधीच ठरवावी, कारण नंतर सुट्यांच्या दिवशी चांगल्या लाँचा मिळत नाहीत. बर्फाची पेटी मोठी घेऊ नये. आणि घरातून निघताना प्रत्येकाच्या खिशातील सिव्हिल आयडी मोजून घ्यावेत. एक जरी घरी राहिला तरी ती व्यक्ती धक्क्यावरच राहते, आणि भाडे परत मिळत नाही.